प्रत्येक दारावर एक पाटकरी

या विषयाचं नाव मराठीत आणायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. 'क्रिमिनल जस्टिस'ला 'गुन्हेगारी न्याय' म्हणावं, तर गुन्हेगारांनी आपसात केलेल्या निवाड्यासारखं ऐकू येतं. 'फौजदारी न्याय' म्हणावं, तर डोळ्यांपुढे फक्त कोर्ट उभं राहतं: काळे कोट, पट्टेवाल्याचा पुकारा, बाकावर ताटकळलेले साक्षीदार. शिवाय जुन्या माणसांच्या लेखी फौजदार म्हणजे खांद्यावर दोन स्टार लावलेला पीएसआय, दुसरं काही नाही. अमेरिकेत ज्या विषयाला हे नाव आहे, त्यात पोलीस, कोर्ट, तुरुंग, प्रोबेशन, पॅरोल आणि अल्पवयीन मुलांचं वेगळं कोर्ट हे सगळं एकाच छपराखाली येतं. आपल्याकडे या प्रत्येकाची शाळा निराळी. वकील एलएलबी करतो, फौजदार नाशिकच्या अकादमीत घडतो, तुरुंगाधिकाऱ्याचं प्रशिक्षण वेगळं, आणि प्रोबेशन अधिकारी बहुधा समाजकार्याची पदवी घेऊन आलेला असतो. एकाच आरोपीच्या आयुष्यात हे चौघे येऊन जातात, पण एका बाकावर बसून शिकलेले नसतात. शेवटी मी 'फौजदारी न्याय' हाच शब्द ठेवला आहे. वाचकांनी त्यातला फौजदार जरा लहान आणि बाकीचे जरा मोठे करून वाचावेत, एवढी विनंती.

मी स्वतः या विषयात शिरले ती आडवाटेने. जिल्हा कोर्टात सात वर्षं फौजदारी वकिली केली आणि लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ न्यू जर्सीला गेले. माझ्या एच-फोर व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, शिकता मात्र येत होतं. घरापासून बसने वीस मिनिटांवर एक कम्युनिटी कॉलेज होतं. २०१६ च्या सप्टेंबरात तिथे 'इंट्रोडक्शन टु क्रिमिनल जस्टिस' या वर्गात नाव घातलं. तीन क्रेडिट, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी. कोळून प्यायलेला विषय आहे, तेवढीच इंग्रजीची सवय होईल, असा माझा हिशेब होता. तो पहिल्या पंधरवड्यातच चुकला.

इथे कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, ते सांगायला हवं. महाराष्ट्रातल्या वाचकाचा हमखास घोटाळा होतो. या संस्थांचं जुनं नाव ज्युनिअर कॉलेज. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. तिकडे बारावीनंतरची दोन वर्षं. इलिनॉयमधलं १९०१ सालचं जोलिएट ज्युनिअर कॉलेज हे तिथलं पहिलं सरकारी. पुढे १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगाने गावोगावी अशी स्वस्त कॉलेजं काढा असं सुचवलं आणि 'कम्युनिटी' हे विशेषण रूढ झालं. प्रवेशाला कटऑफ नाही, देणगी नाही. शाळा संपवलेल्या कुणालाही दार उघडं, मग तो अठराचा असो की अठ्ठावन्नचा. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटचे ४६ डॉलर पडतात. दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला साधारण ६० युनिटं लागतात, तेव्हा फीचा गुणाकार वाचकच करू शकतील. चार वर्षांच्या विद्यापीठात एवढ्या पैशात एक सत्रही निघत नाही.

अशा ठिकाणी पोलीस, कोर्ट आणि तुरुंग शिकवायला का लागले, याची गोष्ट सुरू होते एका सहावीपर्यंतच शिकलेल्या माणसापासून. ऑगस्ट व्होल्मर १९०५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावाचा मार्शल म्हणून निवडून आला आणि पुढे तिथला पोलीसप्रमुख झाला. शिपायांना सायकली दिल्या, मग मोटारसायकली. त्याच्याच खात्यात १९२१ मध्ये जॉन लार्सनने खोटं पकडण्याचं यंत्र बांधलं. पण व्होल्मरचं खरं वेड शिक्षणाचं. पोलिसाने कॉलेजात जावं, असं तो म्हणायचा तेव्हा लोक हसायचे, आणि त्याच्या शिकलेल्या शिपायांना चेष्टेने 'कॉलेज कॉप' म्हणायचे. १९१६ पासून बर्कलीच्या विद्यापीठात त्याने पोलिसांसाठी वर्ग चालवले. १९३० मध्ये सॅन होजेच्या अध्यापक महाविद्यालयात पोलिसांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम निघाला. स्वतःला मिळालं नाही ते दुसऱ्याला मिळावं म्हणून धडपडणारी माणसं आपल्याकडच्या शिक्षणसंस्थांच्या इतिहासातही भेटतात. व्होल्मर मला त्याच पंगतीतला वाटतो.

तरीही हा प्रकार अनेक वर्षं चार-दोन ठिकाणांपुरताच राहिला. त्याला पूर आला तो साठच्या दशकात. शहरांत दंगली होत होत्या, गुन्हे वाढत होते, आणि सुप्रीम कोर्ट एकामागून एक निकाल देऊन पोलिसांचे हात बांधतंय अशी ओरड चालू होती. अध्यक्ष जॉन्सन यांनी १९६५ मध्ये आयोग नेमला. त्याचा अहवाल १९६७ च्या फेब्रुवारीत आला. त्यात एक शिफारस अशी की, अखेरीस प्रत्येक पोलिसाकडे चार वर्षांची पदवी असावी. पुढच्याच वर्षी कायदा झाला, केंद्र सरकारने नोकरीतल्या पोलिसांना आणि पोलीस होऊ इच्छिणाऱ्यांना शिकायला कर्ज आणि अनुदान द्यायला सुरुवात केली, आणि गावोगावच्या कम्युनिटी कॉलेजांनी रातोरात 'पोलीस सायन्स'चे विभाग उघडले. पैसा आला की दुकानं निघतात. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९७० मध्ये पदवीधर पोलिसाला पगारवाढ जाहीर केली: असोसिएट पदवीला १० टक्के, बॅचलरला २०, मास्टर्सला २५. मग पगारवाढीपुरती पदवी विकणारेही उगवले. आपल्याकडच्या बीएडच्या दुकानांची आठवण झाली, तर वाचकाचा दोष नाही.

१९७८ मध्ये लॉरेन्स शर्मन यांच्या अहवालाने या साऱ्या कारभारावर कोरडे ओढले. वर्ग कसले, कवायतीचा मैदानी तास खोलीत आणलाय. शिकवणारे निवृत्त पोलीस, पुस्तकात विचार कमी आणि कार्यपद्धती जास्त, असा त्या टीकेचा सूर. माझेही पहिले सर निवृत्त पोलीस लेफ्टनंटच होते, तेव्हा हा वाद मला पुस्तकी वाटत नाही. शर्मन यांचं म्हणणं अर्धं पटतं. सरांना गुन्हेगारीशास्त्राचे सिद्धांत शिकवताना जांभई आवरत नसे. पण मध्यरात्री घरगुती भांडणाच्या ठिकाणी दार वाजवावं की न वाजवता आत शिरावं, यावर ते बोलू लागले की खोलीतली कुजबुज थांबायची. गंमत म्हणजे, ज्या बर्कलीत हे सगळं सुरू झालं, त्या विद्यापीठाने आपली गुन्हेगारीशास्त्राची शाळा १९७६ मध्ये बंदच केली. तिथले काही प्राध्यापक पोलिसांपेक्षा पोलिसांच्या विरोधकांना जवळचे झाले होते, हेही त्यामागचं एक कारण. मोठ्या विद्यापीठाने सोडलेला विषय छोट्या कॉलेजांनी मात्र धरून ठेवला.

आता त्या १९६७ च्या अहवालातल्या एका पानाबद्दल. हे पुस्तक मी त्या पानामुळे लिहिलं.

तो एक नकाशा आहे. डाव्या हाताला गुन्हा, उजव्या हाताला तुरुंगातून सुटका, आणि मध्ये डावीकडून उजवीकडे वाहत जाणाऱ्या रेघा: तपास, अटक, पहिली हजेरी, जामीन, दोषारोप, खटला, शिक्षा. वाटेत ठिकठिकाणी फाटे फुटून रेघा बाहेर पडतात: गुन्हा उघडकीलाच आला नाही, पुरावा नाही, खटला मागे घेतला, निर्दोष. सुरुवातीची रेघ मनगटाएवढी जाड, शेवटची दोऱ्याएवढी. तळटीप मात्र प्रामाणिक: रेघांची जाडी केवळ सुचवण्यापुरती, कारण देशभराची अशी आकडेवारीच उपलब्ध नाही. विषयाच्या जवळजवळ प्रत्येक प्राथमिक पुस्तकात हा नकाशा या ना त्या रूपात सापडतो. सरांनी पहिल्याच तासाला त्याच्या झेरॉक्स वाटल्या आणि म्हणाले, सत्रभर एवढंच शिकायचं आहे.

माझं आजोळ कालव्याच्या टेलला. पाणी सुटलं की मामा आधी पाटकऱ्याच्या घरी जायचा, मग शेतात. कागदावर प्रत्येक चारीची पाळी लिहिलेली असते. खरं पाणी दारावर उभा असलेला माणूस ठरवतो. तो नकाशा हातात आला आणि मला मामा आठवला. प्रत्येक फाट्यावर एक पाटकरी उभा आहे. गस्तीवरचा पोलीस समज देऊन सोडतो की बेड्या घालतो. सरकारी वकील कोणतं कलम लावतो, कोणतं गाळतो. न्यायाधीश जामीन देतो की नाही. प्रोबेशन अधिकारी चुकलेली एक हजेरी पोटात घालतो की कोर्टाला कळवतो. कायद्याचं पुस्तक सगळ्यांना एकच आहे, पण दार किती उघडायचं हे ज्याच्या त्याच्या हातात. इंग्रजीत याला डिस्क्रिशन म्हणतात, आपण विवेकाधिकार म्हणतो. सात वर्षं वकिली केली, पण मी या माणसांना नेहमी एकेकटं पाहिलं होतं: हा पीएसआय असा, त्या मॅजिस्ट्रेटबाई तशा. सगळे मिळून एकच पाणी वळवतायत, हे मला एका संध्याकाळच्या वर्गाने दाखवलं.

वर्गातली माणसंही त्या नकाशावर ठिकठिकाणी उभी होती. काउंटीच्या जेलमध्ये रात्रपाळी करणारा गार्ड डुलक्या आवरत पुढच्या बाकावर बसायचा. इराकहून परतलेला एक सैनिक होता, सैनिकांसाठीच्या सरकारी योजनेतून फी भरणारा. एकोणिसाव्या वर्षी पोलीस व्हायचंच असं ठरवलेली तीन-चार पोरं होती. एका बाईचा मुलगा खटल्यात अडकला होता. नोकरीसाठी नव्हे, मुलाचं काय चाललंय ते कळावं म्हणून आली होती. एडिसन गावच्या एका गुजराती दुकानदाराची मुलगी घरी 'लॉ'चं शिकते असं सांगून यायची. खोटं म्हणता येणार नाही. दोघं-तिघं फॉरेन्सिकच्या मालिका पाहून आलेले. प्रयोगशाळेत बसायचं तर रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्राची पदवी लागते हे कळल्यावर त्यांतला एक तिसऱ्या आठवड्यात दिसेनासा झाला. आणि मी, जिला नागरिकत्वाअभावी तिथे पोलिसाची नोकरी मिळणं शक्यच नव्हतं. त्यामुळे प्रश्न विचारायला मी सगळ्यांत मोकळी.

निकालांच्या तासाला या माणसांमुळे रंग चढायचा. क्लॅरेन्स गिडियन हा फ्लोरिडातला फाटका माणूस. पूलरूम फोडल्याच्या आरोपावरून पाच वर्षांची शिक्षा झाली, वकील द्यायला कोर्टाने नकार दिला. त्याने तुरुंगातून पेन्सिलीने सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला. १९६३ मध्ये निकाल लागला: गरीब आरोपीला गंभीर गुन्ह्यात सरकारने वकील दिलाच पाहिजे. फेरखटल्यात वकील मिळाला आणि गिडियन सुटला. जेरल्ड गॉल्ट हा ॲरिझोनाचा पंधरा वर्षांचा मुलगा. शेजारणीला अश्लील फोन केल्याबद्दल त्याला एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुधारशाळेत ठेवायचा हुकूम झाला. त्याच गुन्ह्याला प्रौढ माणसाला ५० डॉलरपर्यंत दंड किंवा जास्तीत जास्त दोन महिने कैद होती. सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये तो हुकूम उलटवला, तोवर तीन वर्षं गेली होती. ती आई त्या दिवशी तास संपल्यावरही बराच वेळ बसून होती.

टेरी विरुद्ध ओहायो या १९६८ च्या निकालावर तर वर्ग सरळ दुभंगला. अटकेएवढा पुरावा नसतानाही, रास्त संशय असेल तर पोलीस वाटेत थांबवून कपड्यांवरून हात फिरवू शकतो, हा त्याचा अर्थ. सरांना तो निकाल शहाणपणाचा वाटायचा. मागच्या बाकावरच्या एका काळ्या मुलाने, स्वतःला किती वेळा थांबवलं गेलं, ते बोटांवर मोजून दाखवलं; एका हाताची बोटं पुरली नाहीत. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये २०११ या एका वर्षात पोलिसांनी सुमारे ६ लाख ८५ हजार वेळा लोकांना असं थांबवलं होतं, बहुतेक काळे आणि लॅटिनो. २०१३ मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. पुढे पोलीस होणारा आणि पोलिसाने थांबवलेला हे दोघे एका खोलीत, एकाच परीक्षेसाठी तोच निकाल पाठ करतायत, असं विद्यापीठाच्या महागड्या वर्गात क्वचितच घडत असेल. ही खरी कम्युनिटी कॉलेजची देणगी. ती कुठल्याही अभ्यासक्रमपत्रिकेत लिहिलेली नसते.

माझं स्वतःचं डोकं गरगरलं ते कबुलीजबाबावर. आपल्याकडे पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. इंग्रजांनीच तो नियम घातला, कारण आपल्या पोलिसांवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि नव्या साक्ष अधिनियमातही तो आहे. अमेरिकेत मात्र १९६६ च्या मिरांडा निकालातली गप्प राहण्याच्या हक्काची सूचना वाचून दाखवली आणि आरोपी बोलला, की ती कबुली थेट ज्युरीपुढे. सिनेमात पाहून आपण त्या सूचनेला आरोपीचं कवच समजतो. वर्गात शिकताना कळलं की, ती पोलिसाचीही परवानाचिठ्ठी आहे. उलट बेकायदा झडतीत सापडलेला मुद्देमाल तिकडे मॅप खटल्यापासून, म्हणजे १९६१ पासून, सहसा पुराव्यातून बाद होतो. आपल्याकडे झडती चुकली तरी पुरावा बहुधा टिकतो. दोन देशांनी पोलिसांवरचा अविश्वास दोन वेगळ्या खिडक्यांना गज लावून दाखवला आहे.

अहवाललेखनाचा वेगळा वर्ग असतो, आणि तो मला सगळ्यांत आवडला. नियम साधे: प्रथमपुरुष, भूतकाळ, कर्तरी प्रयोग. 'संशयित घाबरलेला होता' असं लिहिलं की गुण गेले. हात थरथरत होते, दोनदा मागे वळून पाहिलं, असं लिहा. आपल्या ठाण्यातली 'सदर इसम संशयास्पदरीत्या मिळून आला' ही भाषा तिथे एक दिवस टिकणार नाही. 'मिळून आला' या क्रियापदाचा कर्ता कोण, हे मी सात वर्षं उलटतपासणीत विचारत आले होते. तिकडे पंच नसतात, पंचनामा नसतो. जे काही आहे ते त्या एका पोलिसाच्या लिखाणावर आणि हल्ली छातीवरच्या कॅमेऱ्यावर. म्हणून वाक्याला एवढी किंमत.

दुसऱ्या सत्रात, २०१७ च्या जानेवारीत, न्यू जर्सीने पैशाचा जामीन जवळपास मोडीत काढला. आरोपीला सोडावं की ठेवावं, हे आता त्याचं वय, आधीचे गुन्हे, चुकवलेल्या तारखा अशा नोंदींवरून काढलेल्या गुणांच्या आधारे न्यायाधीश ठरवू लागले. मी वर्गाला आपल्याकडचे सातबारा घेऊन कोर्टाबाहेर बसणारे भाड्याचे जामीनदार सांगितले, तेव्हा हसू पिकलं; मग सरांनी तिकडच्या बेल बाँडवाल्यांची दुकानं सांगितली आणि हशा विरला. ज्याच्याकडे पैसा नाही तो आत, हे गणित दोन्हीकडे सारखंच होतं.

या शिक्षणाने पोलीस सुधारतात का? हा प्रश्न टाळून पुस्तक लिहिणं लबाडी ठरेल. रायडबर्ग आणि टेरिल यांच्या २०१० च्या अभ्यासात, कॉलेजात शिकलेले पोलीस बळाचा वापर कमी करतात असं दिसलं; अटकेच्या आणि झडतीच्या प्रमाणात मात्र काही फरक दिसला नाही. दुसरीकडे, मिनेसोटा हे पोलिसाला किमान दोन वर्षांची पदवी मागणारं राज्य, आणि २०२० च्या मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला तो त्याच राज्याच्या मिनिॲपोलिस शहरात, पोलिसाच्या गुडघ्याखाली. पदवी त्या गुडघ्याला अडवू शकली नाही. त्यानंतर कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये पोलीसभरतीचं किमान वय २१ केलं आणि आधुनिक पोलीसकामाची पदवी आखायचं काम कुणाकडे सोपवलं, तर पुन्हा कम्युनिटी कॉलेजांच्या कुलपतींकडे. व्होल्मरचा हट्ट शंभर वर्षांनीही संपलेला नाही.

व्यवहाराचं एक सांगते, कारण अमेरिकेतले मराठी पालक मला हेच विचारतात. असोसिएट पदवीचे प्रकार आहेत. 'अप्लाइड सायन्स'ची पदवी थेट नोकरीसाठी. तिचे सगळे क्रेडिट पुढे चार वर्षांच्या कॉलेजात धरले जातीलच असं नाही. पुढे शिकायचं असेल तर विद्यापीठाशी करार असलेला अभ्यासक्रम पहिल्या सत्रातच निवडावा. न्यूयॉर्कचं जॉन जे कॉलेज शहरातल्या कम्युनिटी कॉलेजांतून आलेल्यांना असंच सामावून घेतं. प्रोबेशन अधिकारी व्हायचं तर बहुतेक ठिकाणी बॅचलर पदवी लागते. आणि पदवी म्हणजे भरती नव्हे. अकादमी वेगळी, पार्श्वभूमीची तपासणी वेगळी. देशात सुमारे १८ हजार पोलीस यंत्रणा आहेत आणि प्रत्येकीची भरती स्वतंत्र.

नकाशाच्या उजव्या टोकालाही हा विषय शिकवला जातो. १९९४ च्या कायद्याने कैद्यांची केंद्रीय शिष्यवृत्ती बंद केली होती. २०२३ च्या जुलैपासून ती पुन्हा पूर्णपणे सुरू झाली. न्यू जर्सीत रॅरिटन व्हॅली हे कम्युनिटी कॉलेज तुरुंगात जाऊन असोसिएट पदवीचे वर्ग घेतं आणि पुढचं शिक्षण रटगर्स विद्यापीठ देतं. क्रेडिट तेच, परीक्षा तीच. तिथे शिकवून आलेल्या एका प्राध्यापिकेने मला सांगितलं, बाहेरच्या वर्गात तो नकाशा समजावायला दोन तास जातात. आतल्या वर्गात विद्यार्थीच शिकवणाऱ्याच्या चुका काढतात.

पुढच्या प्रकरणांची मांडणी त्या नकाशाच्याच क्रमाने आहे, डावीकडून उजवीकडे. शेवटी एक कोरं पान मुद्दाम ठेवलं आहे. भारतात परतल्यावर मी आपला नकाशा काढायला घेतला होता: ठाणे अंमलदार, एफआयआर, रिमांड, दोषारोपपत्र. तिथवर पेन्सिल बरी चालली. मग 'तारीख' अशी एक चौकट काढली आणि तिच्यातून पुढे बाण न्यायला गेले. तो वळून वळून त्याच चौकटीत शिरत राहिला. झेरॉक्सच्या मागच्या बाजूला ते चित्र अजून तसंच आहे.